दहा डॉलरची गोधडी: अलाबामातल्या फ्रीडम क्विल्टिंग बीचं पहिलं वर्ष

२६ मार्च १९६६. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, विल्कॉक्स काउंटीतल्या कॅम्डेन गावी, अँटिऑक बॅप्टिस्ट चर्चमध्ये साठहून अधिक कृष्णवर्णीय बायका जमल्या आणि त्यांनी गोधड्या शिवणाऱ्यांची सहकारी संस्था काढली. नाव ठेवलं फ्रीडम क्विल्टिंग बी. एका घरी जमून गोधडी शिवायच्या बैठकीला तिकडे क्विल्टिंग बी म्हणतात, आणि नावातलं स्वातंत्र्य आलं ते मतदानाच्या लढ्यातून. पुढच्या काही वर्षांत या संस्थेचं काम न्यू यॉर्कच्या गृहसजावटकारांकडे, व्होग मासिकाच्या वर्तुळात आणि ब्लूमिंगडेल्सच्या दुकानात पोचलं. अमूर्त चित्रकार ली क्रॅस्नर यांनीही गोधड्या विकत घेतल्या.

हे प्रकरण डिसेंबर १९६५ ते १९६६ची अखेर एवढ्या काळाचं आहे. पुढचा इतिहास त्या वर्षातल्या निर्णयांचे परिणाम कळावेत एवढाच घेतला आहे. कला या बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होती. त्या वर्षी त्यांना सोडवायचा होता तो किमतीचा प्रश्न: घरात पांघरायला शिवलेल्या, बाजारात मोल नसलेल्या वस्तूला दर कसा लावायचा, आणि तो लावताना कामाची मालकी आपल्याकडे कशी ठेवायची. आमच्या मते त्यांनी या प्रश्नाचं दिलेलं उत्तर त्यांच्या गोधड्यांइतकंच अभ्यासण्यासारखं आहे. कलेच्या इतिहासात मात्र त्याला फार कमी जागा मिळते.

जमीन, मत आणि कापूस

विल्कॉक्स काउंटीत तीन-चतुर्थांशांहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची. तरीही १९६५च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांच्यातल्या एकाचंही नाव नव्हतं. त्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग काउंटीतल्या जीज बेंड गावी येऊन गेले, ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला आणि लोक नावं नोंदवायला निघाले. त्याची शिक्षा जमिनीवरून मिळाली. अर्धलीने शेती करणाऱ्या कुळांचं घर मालकाचं, बियाणं मालकाच्या उधारीचं, दुकानातली खतावणीही त्याचीच. नाव नोंदवलं की घर सोडायचा निरोप यायचा.

सगळ्यांची स्थिती मात्र सारखी नव्हती. जीज बेंड हे गाव अलाबामा नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेलं आहे. पूर्वी तिथे पेटवे घराण्याचा मळा होता. गुलामांना मालकाचं आडनाव लागायचं, म्हणून आजही गावात असंख्य लोक पेटवे आहेत. १९३०च्या दशकात सरकारने ती जमीन घेतली आणि पुढे कमी व्याजाच्या कर्जावर तिथल्याच कुटुंबांना विकली. त्यामुळे जीज बेंडच्या बऱ्याच जणांच्या पायाखाली स्वतःची जमीन होती. जवळच्या अल्बर्टा आणि रिहोबोथ भागातल्या कुळांना ते सुख नव्हतं. संस्थेत दोन्हीकडच्या बायका आल्या. एकीला नुकसान झालं तर पैशांचं होणार होतं, दुसरीचं घरच जाणार होतं. संस्थेने पुढे जमिनीला इतकं महत्त्व का दिलं, हे या फरकावरून कळतं.

जीज बेंडवरून कॅम्डेनला जाणारी होडी १९६२ साली बंद करण्यात आली. नदीपलीकडे समोर दिसणाऱ्या गावाला जायला रस्त्याने साधारण तासाभराचा वळसा पडू लागला. ती सेवा पुन्हा सुरू झाली थेट २००६ मध्ये. कॅम्डेनच्या चर्चमधल्या सभेला जीज बेंडच्या बायका आल्या त्या हा वळसा घालून. संस्थेची प्रत्येक सभा, कापडाचा प्रत्येक गठ्ठा आणि तयार मालाची प्रत्येक खेप याच अंतराच्या हिशेबाने चालायची. त्यातच नदीवर मिलर्स फेरीचं धरण बांधलं जात होतं आणि जीज बेंडची चांगली शेतजमीन त्याच्या पाण्याखाली जाणार होती. शेतीबाहेरच्या रोख पैशाची गरज दर वर्षी वाढत चालली होती.

सातशे डॉलरचं भांडवल

फ्रान्सिस वॉल्टर हे अलाबामातलेच, एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाचे गोरे धर्मगुरू. सेल्मा इंटर-रिलिजस प्रोजेक्ट या नागरी हक्कांच्या कामाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. डिसेंबर १९६५ मध्ये पॉसम बेंडजवळून जाताना एका घरापुढच्या दोरीवर त्यांना तीन गोधड्या वाळत घातलेल्या दिसल्या. ते थांबले, तर घरातली बाई अनोळखी गोरा माणूस बघून निघून गेली. त्या काउंटीत त्या वर्षी तसं करण्यातच शहाणपण होतं. नंतर ओळखीच्या माणसांमार्फत बोलणं झालं. वॉल्टर यांनी सातशे डॉलरचं अनुदान मिळवलं आणि गोधडीमागे दहा डॉलर देऊन माल गोळा करायला सुरुवात केली. तो न्यू यॉर्कमध्ये लिलावाने विकायचा होता. भागाकार सरळ आहे: सातशे डॉलरात सत्तर गोधड्या.

या व्यवहाराची मांडणी नीट पाहावी. पैसे रोख, आणि माल हातात येताच. विकलं गेलं तर देऊ, असा वायदा नव्हता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या खतावणीत हिशेब लिहून घेतला आणि वर्षाअखेरीस आपणच देणेकरी निघालो हे ऐकलं, त्यांच्यापुढे उधारीचा प्रस्ताव ठेवला असता तर सत्तर सोडा, सात गोधड्याही जमल्या नसत्या. विक्रीची जोखीम अनुदानाने उचलली. लिलावातून येणारा पैसा परत याच बायकांच्या कामासाठी येणार होता.

मार्चच्या शेवटी न्यू यॉर्कमध्ये पहिला लिलाव झाला आणि मे महिन्यात दुसरा. त्याच मे महिन्याच्या ३ तारखेला अलाबामात प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणारं मतदान, झाली. नव्या कायद्यानंतर कृष्णवर्णीयांनी मोठ्या संख्येने मतदान केलेली ही राज्यातली पहिलीच निवडणूक. गोधड्यांची विक्री आणि मतदान ही त्या बायकांच्या घरात एकाच महिन्याची कामं होती. संस्थेकडे पाहताना ती वेगळी काढू नयेत.

लिलावाची एक मर्यादा सांगायला हवी. तिथे येणारा गिऱ्हाईक लढ्याबद्दल सहानुभूती असलेला असतो. तो पहिली गोधडी कौतुकाने घेतो, दुसरी विचार करून घेतो, आणि तिसरी त्याला नको असते. शिवाय पहिल्या खेपेचा माल वर्षानुवर्षं घरात साठलेला होता. तो संपला की पुढचा माल महिन्यामागून महिने शिवून उभा करावा लागतो. एवढ्या थोड्या अवधीत सभा घेऊन सहकारी संस्था काढली गेली, त्यामागे ही निकडही होती. एस्टेल विदरस्पून यांनी पुढे दोन दशकांहून जास्त काळ तिचं व्यवस्थापन पाहिलं. माइंडर कोलमन आणि नेटी यंग यांची नावंही पहिल्या फळीत घेतली जातात.

गोधडी व्हायची कशी

मराठी वाचकाला गोधडी नवी नाही, तरी पद्धतीतला फरक लक्षात घेतला की पुढच्या अडचणी कळतात. आपल्याकडे गोधडीत बहुधा जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर असतात. ती जमिनीवर अंथरून कडेकडून आत धावदोरा घालत जातात. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी बायका, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या आणि काही अंशी गोव्यातल्या पोर्तुगीज अमलातून निसटलेल्या लोकांच्या वंशज, त्यांची कवंदीही अशीच कडेपासून मध्याकडे शिवतात. अलाबामातली गोधडी तीन थरांची असते: वर तुकडे जोडून केलेला पदर, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर. वरचा पदर आधी स्वतंत्र पूर्ण होतो. मग तिन्ही थर लाकडी चौकटीवर ताणून एकत्र शिवले जातात.

चौकट म्हणजे आठ-नऊ फुटी चार काठ्या, कोपऱ्यांत खिळ्यांनी किंवा खुंट्यांनी अडकवलेल्या. लहान घरात ती दोरांनी आढ्याला टांगतात. काम नसेल तेव्हा वर ओढून ठेवली की खाली झोपायला जागा मोकळी. चारही बाजूंना बायका बसतात आणि हाताच्या टप्प्यात येईल तेवढं शिवून झालं की काठी गुंडाळून पुढचा भाग घेतात. म्हणून टाक्यांच्या रेषा बऱ्याचदा कमानीसारख्या येतात: कोपर टेकवून हात फिरवला की मिळणारा तो सहज वळसा. चार बायकांच्या चार वळणांचा मेळ बसला नाही तर कमानी एकमेकींत घुसतात. घरच्या पांघरुणात ते कुणी पाहत नाही, दुकानात मात्र पाहतात.

कापूस सरकीच्या गिरणीतला झाडलोटीचा किंवा वेचणीनंतर झाडावर राहिलेला. काठीने झोडपून तो फुलवायचा आणि हाताने पसरायचा. एका मोठ्या गोधडीत किलो-दीड किलो कापूस जातो. त्यात सरकीचा तुकडा किंवा पानाचा चुरा राहिला तर सुई अडते आणि पहिल्या धुण्यात तेलकट पिवळा डाग वर येतो. असा हाताने पसरलेला कापूस जागेवर राहत नाही. दोन रेषांमध्ये पाच सेंटिमीटरहून जास्त अंतर सोडलं तर धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि मधला भाग रिकामा पडतो. म्हणजे दाट टाके घालण्यामागे सौंदर्यदृष्टी आहेच, पण त्याआधी कापसाची गरज आहे.

या दाटपणाचा हिशेब करून पाहू. ७६ बाय ९० इंचांच्या गोधडीवर पाच सेंटिमीटर अंतराने लांबीच्या दिशेने रेषा मारल्या तर साधारण ३९ रेषा होतात. एकूण टाक्यांची लांबी जवळजवळ नव्वद मीटर. इंचाला सहा टाके म्हटले तरी एकवीस हजार टाके. सराव असलेली बाई तासाला सत्तर इंच ओढते असं मानलं तर नुसत्या या कामाला पन्नास तास लागतात. तुकडे जोडायला पंचवीस, आणि कापणं, चौकटीवर चढवणं, कडा दुमडणं यांना आणखी दहा. एका गोधडीचे पंचाऐंशी तास झाले.

वरच्या पदराचं कापड म्हणजे शेतात झिजलेल्या डेनिमच्या विजारी, पिठाच्या आणि खाद्याच्या पिशव्या, जुने झगे. नमुने तिथलेच. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत बाहेर जाणारा तो हाउसटॉप. पायऱ्यांसारख्या पट्ट्यांचा ब्रिकलेयर. नुसत्या लांब पट्ट्यांचा लेझी गॅल. कागदावर काढून घ्यायची रीत नव्हती. हातात आलेल्या कापडाची रुंदी आणि झीज पाहून पुढची पट्टी ठरायची. गुडघ्यावर विरलेल्या विजारीचा पाठचा भाग चांगला असतो, खिसा उसवला की त्याखालचा निळा रंग गडद राहिलेला असतो. अशा गोष्टींतून रचना जन्माला येते. चौकोन थोडा तिरपा होतो, पट्टी एका टोकाला रुंद होते, आणि पुढची पट्टी त्या तिरपेपणाला उत्तर देते. पुढे कलासंग्रहालयांनी नेमक्या याच गोष्टीची वाखाणणी केली. १९६६ सालच्या बाजारात तोच दोष ठरत होता.

न्यू यॉर्कला काय हवं होतं

पहिल्या प्रसिद्धीनंतर मागणी आली ती गृहसजावटकारांकडून. केनेडींच्या काळात व्हाइट हाउसच्या सजावटीत सहभागी असलेल्या सिस्टर पॅरिश यांच्यासारख्यांना हे तुकडेकाम आवडलं. सजावटकार मात्र खोलीच्या मापाने विचार करतो. पलंग अमुक इंचांचा, पडदे अमुक रंगाचे, दोन पलंग असतील तर दोन्हींवर तीच गोधडी. दुकानाची अट त्याहून कडक: नमुना म्हणून दाखवली तशीच पन्नासावी. न्यू यॉर्कचे उद्योजक स्टॅन्ली सेलेंगट यांनी पुढे मोठ्या दुकानांशी संधान जुळवून दिलं, तेव्हा एकसारख्या मालाचा आग्रह पक्का झाला. बेअर्स पॉ (अस्वलाचा पंजा) यासारखे सगळ्या अमेरिकेला ओळखीचे नमुने मोजून-मापून केले जाऊ लागले.

हा बदल सांगायला सोपा आणि हाताने करायला अवघड. पहिला अडथळा शिवणीचा. तुकडेकामात शिवणीसाठी पाव इंच सोडतात. एखादीचा हात एक-सोळांश इंच आत जातो. हा फरक डोळ्याला दिसतही नाही, पण तो दोन्ही तुकड्यांतून जातो, म्हणजे शिवणीमागे एक-अष्टमांश. वीस तुकड्यांच्या ओळीत एकोणीस शिवणी, आणि ओळ जवळजवळ अडीच इंचांनी आखूड. दोघींनी अर्धी-अर्धी गोधडी केली असेल तर ते अर्ध एकमेकांना जुळतच नाही. उपाय दोन. एक, प्रत्येकीने पहिला चौकोन शिवून मोजून घ्यायचा. दोन, एका गोधडीचे सगळे चौकोन एकाच हाताने करायचे. दुसरा जास्त भरवशाचा, पण त्याने काम वाटता येत नाही.

दुसरा अडथळा फर्म्याचा, म्हणजे तुकडे आखायच्या साच्याचा. पुठ्ठ्याचा फर्मा पेन्सिल फिरून फिरून कोपऱ्यांत गोल होतो आणि तुकडे हळूहळू लहान होत जातात. पत्र्याचा फर्मा टिकतो. फर्म्याइतकंच कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याकडे लक्ष हवं. तिरपा कापलेला तुकडा ताणला जातो, आणि अशा तुकड्यांची कड लाटेसारखी होते.

तिसरा अडथळा कापडाच्या वजनाचा. कामाच्या विजारीचं जाड डेनिम आणि झग्याचं पातळ सुती शेजारी जोडलं की ताण पातळ कापडावर येतो आणि ते शिवणीलगत फाटतं. लाल आणि गडद निळा रंग सुटतो का, हे पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून आधी पाहावं लागतं. अस्तर न धुता लावलं आणि ते तीन ते पाच टक्के आटलं तर नव्वद इंचांत तीन-चार इंच जातात आणि पूर्ण गोधडी चुरमडते. घरातलं कापड शंभरदा धुऊन झालेलं असायचं, त्यामुळे हे प्रश्न तिथे उद्भवतच नसत. ते आले नव्या कोऱ्या ताग्यासोबत.

ताग्यासोबत खर्चही आला. चव्वेचाळीस इंच पन्ह्याच्या कापडातून काठ वगळून बेचाळीस इंच हाती लागतात. ७६ इंच रुंद गोधडीच्या अस्तराला प्रत्येक बाजूला तीन इंच जास्त धरून ८२ इंच हवेत. दोन पन्हे जोडून ते भागतं आणि साधारण पाच मीटर कापड लागतं. गिऱ्हाइकाने ८० बाय ९६चं माप मागितलं की रुंदी ८६ होते, दोन पन्हे पुरत नाहीत, आणि तीन पन्हे आडवे जोडावे लागतात: साडेसहा मीटर. रुंदीत चार आणि लांबीत सहा इंच वाढले, अस्तर एक-तृतीयांशाने वाढलं. वरच्या पदरातही तसंच. सहा इंची चौकोनांना शिवणीपोटी सतरा टक्के कापड जास्त लागतं, तीन इंचींना छत्तीस टक्के, दोन इंचींना छप्पन टक्के. नमुना जितका बारीक, तितका कापडाचा खर्च आणि तासही जास्त. दर ठरवताना नुसतं माप पाहिलं आणि तुकड्यांची संख्या पाहिली नाही, तर बारीक काम करणारी बाई तोट्यात जाते. हाताने काम करणाऱ्या कुठल्याही गटात, आपल्याकडच्या गोधड्या शिवणाऱ्या बचत गटांतही, ही चूक सर्रास होते.

कडेचंही बदललं. तिथली जुनी रीत अस्तर पुढे दुमडून टाचायची. त्यात वेगळं कापड लागत नाही, पण दुमडीवर एकच पदर असतो आणि सगळ्यात आधी तीच झिजते. विकायच्या मालाला वेगळी दुहेरी पट्टी लावणं बरं. ७६ बाय ९०च्या घेराला अडीच इंच रुंदीच्या नऊ पट्ट्या पुरतात.

हंगामाचा पेच

गोधडी हे तिकडे हिवाळ्याचं काम. वसंतात पेरणी, उन्हाळ्यात खुरपणी, ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत वेचणी. दुकानाला नाताळचा माल पानगळीच्या सुरुवातीलाच हवा असतो. म्हणजे गिऱ्हाइकाची घाई आणि कापसाची घाई एकाच वेळी. शिवणाऱ्या बाईने शेतावर जायचं थांबवावं, एवढं काम तिला वर्षभर पुरवता आलं तरच हा पेच सुटतो. गोधडीमागे पैसे देणाऱ्या व्यवस्थेत ते जमत नाही. त्यासाठी नियमित मजुरी लागते, नियमित मजुरीला नियमित मागणी लागते, आणि नियमित मागणी एकसारख्या मालालाच असते. संस्था एकसारख्या मालाकडे वळली ती या साखळीने. बाहेरच्यांच्या आवडीपुढे तिने मान तुकवली, असं म्हणणं म्हणूनच आम्हाला अन्यायाचं वाटतं.

स्वतःची इमारत तेव्हा नव्हती. काम घराघरांतून व्हायचं आणि तपासणी माल जमा होताना. यात सदोष चौकोन कळतो तो गोधडी पूर्ण झाल्यावर, म्हणजे पन्नास तासांचे टाके पडल्यानंतर. तपासणीची योग्य जागा त्याआधीची आहे: वरचा पदर जोडून झाला, चौकटीवर चढायचा आहे, तेव्हा. त्या टप्प्यावर उसवायला तास लागतो, नंतर अख्खा आठवडा. एका छपराखाली काम आणण्याचा मोठा फायदा हाच.

दहा डॉलर म्हणजे किती

१९६६ साली अमेरिकेत केंद्रीय किमान मजुरी तासाला सव्वा डॉलर होती आणि शेतमजूर तिच्या बाहेर होते. त्यांच्यातल्या काहींना ती पहिल्यांदा लागू झाली १ फेब्रुवारी १९६७ पासून, तीही एक डॉलर दराने. कापूस वेचणाराला शंभर पौंडांमागे दोन-तीन डॉलर मिळायचे. दिवसाला दीडशे-दोनशे पौंड वेचले तर तीन ते सहा डॉलर. या तुलनेत दहा डॉलर म्हणजे दोन-तीन दिवसांची वेचणी, आणि तेही पूर्वी कुणी पैसे न देणाऱ्या वस्तूचे. बायका पुढे आल्या यात नवल नाही.

पण वर काढलेले पंचाऐंशी तास धरले तर दहा डॉलरात तासाला बारा सेंट पडतात. किमान मजुरीने तीच गोधडी १०६ डॉलरची झाली असती, कापड, दोरा, वाहतूक आणि दुकानाचा नफा वेगळे. हा आकडा सुरुवातीलाच पुढे ठेवला असता तर विक्री झाली नसती. तो कधीच पुढे ठेवला नाही तर शोषण चालू राहतं. संस्थेने मधली वाट काढली: लवकर होणाऱ्या वस्तू, यंत्राने जोडायचा वरचा पदर, ठरलेले नमुने. तासांची संख्या कमी केली आणि तासाचा दर वर नेला. ज्यांना हाताच्या प्रत्येक टाक्यात कला दिसते त्यांना हे खुपतं. ज्यांच्या मुलांचे बूट त्या पैशांतून आले त्यांना ते खुपायचं कारण नव्हतं.

वर्षाने उभं केलेलं

पुढच्या घडामोडी थोडक्यात. १९६७ साली दक्षिणेतल्या सहकारी संस्थांचा महासंघ स्थापन झाला, त्यात ही संस्था सुरुवातीपासून होती. नंतर तिने अल्बर्टाजवळ तेवीस एकर जमीन घेतली. १९६९ मध्ये तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचं शिवणकेंद्र बांधलं, आणि उरलेल्या जमिनीतले आठ तुकडे घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना विकले. गोधड्यांच्या पैशातून बेघर झालेल्यांना घराची जागा मिळाली. कलाकारांच्या कितीतरी गटांनी जाहीरनामे काढले, पण आपल्या सभासदांना जमीन मिळवून देणारे गट आम्हाला फार थोडे माहीत आहेत.

१९७२ साली सिअर्स या मोठ्या विक्रेत्याकडून कॉर्डुरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. हे काम रोज एकच माप, एकच शिवण असं. नियमित मजुरी आली, आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोकाही आला. मागणी ओसरत गेली तशी संस्था क्षीण झाली आणि २०१२ मध्ये ती अधिकृतपणे बंद झाली. त्याआधीच, २००२ साली, ह्यूस्टनच्या संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं. तिथून त्या न्यू यॉर्कच्या व्हिटनीत गेल्या आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. प्रदर्शनातल्या गोधड्या बहुतेक घरासाठी शिवलेल्या, त्या-त्या बाईच्या नावाच्या. त्यामुळे एक समज रुजला: घरातली गोधडी कला, संस्थेतली गोधडी धंदा.

कॉर्डुरॉय पाहिलं की हा समज टिकत नाही. सिअर्सच्या कामातून उरलेले तुकडे घरोघरी गेले. सोनेरी, अ‍ॅव्होकॅडोसारखा हिरवा, नारिंगी, चेरीसारखा लाल: त्या दशकाच्या दिवाणखान्यांचे रंग. या कापडाला उभ्या रेघांची लव असते, त्यामुळे लवेची दिशा बदलली की एकच रंग कधी उजळ, कधी गडद दिसतो. ते जाड असल्यामुळे चार कोपरे एकत्र येतात तिथे गाठ होते आणि सुई जात नाही. कापलेली कड झरझर उसवते, म्हणून पाव इंचाची शिवण पुरत नाही. बारीक तुकडे आणि वळणं अशा कापडात करताच येत नाहीत. बायकांनी मोठे चौकोन आणि लांब पट्ट्या घेतल्या, लवेच्या दिशेलाच रंगासारखं वापरलं, आणि जीज बेंड व रिहोबोथच्या सगळ्यात धाडसी गोधड्यांपैकी काही या कापडातून झाल्या.

त्यातली एक रिहोबोथच्या विली अब्राम्स यांची. गाव त्यांना मा विली म्हणायचं. ही गोधडी साधारण १९७५ सालची, कॉर्डुरॉय, ट्विल आणि पॉलिएस्टरच्या पट्ट्यांची. मा विली म्हणजे संस्थेचं व्यवस्थापन पाहणाऱ्या एस्टेल विदरस्पून यांची आई.